तुलनेला आणलेली जाऊ

"श्वास रोखा," मी म्हणाले. वनिताने गाल फुगवून श्वास रोखला आणि डोळे घट्ट मिटले. स्क्रीनवरची लाट आता वर चढायला हवी होती. ती होती तिथेच राहिली.

मला वाटलं, माझा हात सरकला. प्रोब पुन्हा नीट बसवला, तिला जरा दम खाऊ दिला आणि परत श्वास रोखायला सांगितलं. उजवी बाजू थोडी उचलली गेली. डावी बाजू जागची हलली नाही. वनिता डोळे उघडून म्हणाली, "मॅडम, झालं कं? खाली रिक्षावाला थांबलाय."

वनिता पेशंट नव्हती. पेशंट होती तिची थोरली जाऊ रंजना, जी बाहेरच्या बाकावर डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसली होती. तिची तपासणी मी नुकतीच संपवली होती. म्हणून माझ्या मनात पहिला विचार हाच आला की मी नावांची गल्लत केली. रंजनाच्या नावाखाली वनिता आणि वनिताच्या नावाखाली रंजना. मी मशीनवरचं नाव पाहिलं. नाव बरोबर होतं.

मी नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या न्यूरो लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझं काम टीसीडीचं. म्हणजे मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजायचा. कवटी जाड असते, तिच्यातून ध्वनिलहरी सहसा आत जात नाहीत. पण कानशिलावर, डोळा आणि कान यांच्या मध्ये, हाड पातळ असतं. तिथे जेल लावून पेनाएवढा प्रोब धरायचा. आतल्या नसेतून रक्त धावतं त्याचा सूं सूं आवाज स्पीकरवर येतो आणि स्क्रीनवर लाटा उमटतात. दुखत नाही, सुई नाही, काही नाही. पेशंटला फार तर केसांना जेल लागल्याचा राग येतो.

श्वास रोखण्याची टेस्ट त्यातलीच. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो. मेंदूला ते कळतं आणि तो आपल्या नसा सैल करतो, म्हणजे जास्त रक्त यावं. वेग वाढतो, लाट उंच होते. ही मेंदूची शिल्लक ताकद. अडचणीला उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली. ज्याची लाट वाढत नाही त्याच्या नसा आधीच जेवढ्या सैल व्हायच्या तेवढ्या झालेल्या असतात. त्याच्याकडे शिल्लक काही नसतं.

आता तुलनेचं सांगते. आमचे न्यूरोलॉजिस्ट डॉ. भागवत यांचा मायग्रेनवर जीव. मायग्रेनवाल्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह कधी वाढतो, कधी घटतो, कधी अगदी सरळ असतो. नसा फुगतात म्हणून डोकं दुखतं असं पूर्वी सरसकट सांगत. ते तेवढं सोपं नाही, हे आता सगळे मानतात. त्यामुळे डॉक्टरांची पद्धत अशी की जुनाट मायग्रेनच्या बाईबरोबर तिच्याच घरातली, तिच्याच वयाची एक धडधाकट बाई तपासायची. जेवण तेच, पाणी तेच, झोपायची-उठायची वेळ तीच. मग फरक दिसला तर तो आजाराचा. त्या दुसऱ्या बाईला आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. बहुतेक वेळा बहीण येते किंवा नणंद. रंजनाने जाऊ आणली.

रंजना आणि वनिता घणसोली गावातल्या. त्यांचं घर आगरी. शेती गेली, त्या जागेवर तीन मजले चढले, वरच्या खोल्यांत भाडेकरू. रंजनाचं डोकं महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस दुखायचं. दुखलं की ती खिडकीला चादर लावून अंधारात पडायची. स्वयंपाक, सासूचं पथ्य, भाडेकरूंची भांडणं, पाण्याची मोटर, हे सगळं वनिताच्या अंगावर. वनिता ते करायची आणि वर बोलूनही दाखवायची.

"वयनीचं डोकं म्हंजे आमच्या घरातला पाव्हना," ती मला टेबलावर चढतानाच म्हणाली होती. "तो आला कं सगल्यांनी गप बसायचं. टीव्ही बंद, मिक्सर बंद. कुत्र्याला पन सांगायचं, भुकू नको."

तपासणी संपवून बाहेर निघालेली रंजना हे ऐकून हसली नाही आणि चिडलीही नाही. ती असलं ऐकायला सरावली होती.

मी वनिताला उठवलं नाही. जेल पुसता पुसता विचारलं, "ताई, कधी हाताला मुंग्या येतात? बोलताना शब्द अडतो?"

"मना? नाय." मग जरा थांबून म्हणाली, "चहा गरम असला आनि बशीत ओतून फुंकला ना, तर उजवा हात झिनझिनतो. एकदा बशीच सुटली. पन कामाचा हात हाय मॅडम, तो बधीर व्हनारच."

फुंकर मारताना आपण भराभर श्वास सोडतो. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नसा आकसतात. धडधाकट माणसाला काही जाणवत नाही. ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्याचा हात झिणझिणतो. मी तिला तिथेच बसवून डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग बघितली आणि मी स्वतःला विचारलं होतं तेच मला विचारलं.

"सुषमा मॅडम, नावं बदलली नाहीत ना?"

"नाही सर. मी पुन्हा करून दाखवते."

"श्वास रोखायला लावू नका आता. नुसतं ऐकू द्या."

त्यांनी स्वतः प्रोब धरला. डावीकडे एका ठिकाणी वेग एकदम जास्त होता, नळाच्या तोंडावर बोट धरल्यावर पाणी सुटतं तसा. त्याच्या पुढे प्रवाह मंद होता. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी वनिताला तिच्या चहाची सगळी हकिकत पुन्हा विचारली आणि त्याच दिवशी एमआरआय अँजिओ करायला सांगितलं. म्हणजे मेंदूतल्या नसांचा फोटो.

आजाराचं नाव मोयामोया. जपानी शब्द आहे, त्याचा अर्थ धुरासारखं काहीतरी. मेंदूला जाणारी मुख्य नस हळूहळू बुजत जाते आणि शरीर बिचारं आजूबाजूला केसाएवढ्या बारीक नसा काढून काम चालवतं. फोटोत त्या नसांचं जाळं धुरासारखं दिसतं. वनिताची डावीकडची नस जवळजवळ बुजली होती. ऑपरेशनचा उपाय होता. कानशिलावरच्या त्वचेतली एक नस आत वळवून मेंदूच्या नसेला जोडायची. पण ते स्ट्रोक यायच्या आधी करायला हवं.

रंजनाचा रिपोर्ट? तिची लाट श्वास रोखल्यावर जरा जास्तच भरभर चढत होती. डॉक्टर म्हणाले, मायग्रेनमध्ये असं दिसतं, पण यावरून मायग्रेन ठरत नाही. मायग्रेन पेशंटच्या सांगण्यावरून ठरतो. बाकी तिचं सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी वनिताचा नवरा सुनील त्याच्या आईला घेऊन आला. दोघी जावाही होत्या. डॉक्टरांनी कागदावर नसांचं चित्र काढून समजावलं. सुनील ऐकत होता, पण त्याचं लक्ष चित्राकडे नव्हतं. तो आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे बघत होता.

"सर, राग नका मानू," तो म्हणाला. "तुमचे रिपोर्ट बदली झालेत. आमच्या घरात डोकं वयनीचं दुखतं. हिला आजपर्यंत क्रोसिन लागली नाय."

"आम्हालाही तेच वाटलं होतं. म्हणून मी स्वतः पुन्हा तपासलं. एमआरआयसुद्धा तुमच्या मिसेसचाच आहे."

सासू इतका वेळ पदर सावरत बसली होती. ती म्हणाली, "जिचा डोका दुखतंय तिला काय नाय, आनि जी दिवसभर राबते तिला आजार? ह्या कसा व्हईल डॉक्टर?"

त्या बाईचा प्रश्न अगदी सरळ होता. तिच्या हिशेबाने घरात एक आजारी आणि एक धडधाकट, अशी वाटणी कधीच झाली होती. आम्ही ती वाटणी मोडायला निघालो होतो. गेली कित्येक वर्षं घरचे रंजनाला 'तुझ्या डोक्यात खरंच काय असेल तर फोटोत दिसेल' म्हणत होते. आता फोटो निघाला आणि त्यात वनिता दिसली.

वनिता तर हसत होती. "मी बरी हाय सर. वयनीला औषध द्या, तेवढं माझं काम हलकं व्हईल."

डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली. उपाशी राहायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, धाप लागेल असं काही करायचं नाही, आणि ऑपरेशन लवकरात लवकर. सुनील मान हलवत गेला. चार दिवसांनी तो एकटा आला. दुसरीकडे साधा सीटी स्कॅन काढून घेतला होता. तो टेबलावर ठेवून म्हणाला, "हे बघा. नॉर्मल."

साध्या सीटीत मेंदू दिसतो. त्यात रक्त सांडलंय का, मोठी इजा आहे का, ते कळतं. नस आतून किती बुजलीय ते त्यात दिसत नाही. मी हे त्याला माझ्या परीने सांगितलं, डॉक्टरांनी त्यांच्या परीने सांगितलं. त्याला ते आमची सारवासारव वाटली. मला त्याचा संताप आला होता, पण त्याचा चेहरा बघून तो टिकला नाही. माणूस घाबरला होता, आणि नॉर्मल हा एक शब्द त्याने घट्ट धरून ठेवला होता.

मग एका दुपारी रंजना आली. एकटीच. ती पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवायला आली होती तेव्हाही एकटीच आली होती, रिक्षात ओकारीची पिशवी हातात धरून. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मना परत सांगा. सावकाश. माझ्या डोक्यात ते राहत नाय."

मी सांगितलं. ती मध्ये मध्ये थांबवून विचारत होती. हात बधीर झाला तर किती वेळात आणायचं. झोपलेली असली तर कसं ओळखायचं. तोंड वाकडं होतं का, बोलणं बंद होतं का. शेवटी तिने चष्मा काढला. डोळे सुजले होते.

"माझं दुखनं दिसत नव्हतं," ती म्हणाली, "म्हनून कोनी मानलं नाय. मी समजून घेतलं. बोलली, नाय दिसत तर कसं मानतील. हिचं तर दिसतंय ना मॅडम. फोटोत दिसतंय. तरी नाय मानत."

मी तिला पाणी दिलं.

पुढचं मला रंजनाकडूनच कळत गेलं. ती फोन करायची. तिने घरात स्वयंपाक आपल्याकडे घेतला. डोकं ठणकत असलं तरी ओढणी करकचून बांधून ओट्याशी उभी राहायची. वनिताला दुपारी आडवं व्हायला लावायची. वनिताला त्याची लाज वाटायची. दिवसाउजेडी निजलेली बाई बघून भाडेकरू काय म्हणतील, म्हणून ती दाराला कडी घालून पडायची आणि थोड्या वेळाने उठून भांडी घासायला लागायची. रंजनाने नवऱ्यालाही बोलतं केलं. तो पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात, चांगला माणूस, पण आईपुढे तोंड न उघडणारा. तो पहिल्यांदाच आईला म्हणाला की ऑपरेशन करून टाकू. सुनीलही अखेर तयार झाला.

डॉक्टरांकडे तारीख ठरवायला दोघी जावा मिळून आल्या. तेव्हा कळलं की घरात लग्न आहे. रंजनाच्याच मुलाचं.

"लग्न पुढं ढकलू," रंजना म्हणाली. "मी आई हाय त्याची. मी सांगते."

"कनाला?" वनिता तिच्यावर एकदम खेकसली. "पोराची हळद पुढं ढकलून मी इथं येऊन झोपू? लोक काय बोलतील? काकीचा पाय अपशकुनी? हळद-लगीन झालं कं दुसऱ्या दिवशी मना अ‍ॅडमिट करा सर. मी सोता चालत येते."

"मी थांबू नका असंच सांगेन," डॉक्टर म्हणाले. "हे दोन-तीन आठवडे जोखमीचे आहेत."

"इतकी वरसं काय झालं नाय, आता दोन आठवड्यांत काय व्हतंय?"

तिने वाढवलेलं पोर होतं ते. रंजना अंधारात पडलेली असायची तेव्हा त्याला शाळेत सोडायला, जेवू घालायला वनिताच असायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. हे ती बोलली नाही, रंजना बोलली, लिफ्टपाशी उभी राहून, वनिता पुढे गेल्यावर. डॉक्टरांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची अ‍ॅडमिशन लिहिली. जबरदस्तीने कोणाला ऑपरेशन टेबलावर नेता येत नाही.

हळदीच्या दिवशी मी ड्युटीवर होते. दुपार सरत आली होती. इमर्जन्सीतून बोलावणं आलं, स्ट्रोकचा पेशंट आहे, टीसीडी लागेल. मी मशीन ढकलत खाली गेले. स्ट्रेचरवर हिरव्या साडीतली, हातभर बांगड्या घातलेली, गालाला हळद लागलेली बाई होती. तिच्या पायांशी रंजना उभी होती. रंजनाच्या स्वतःच्या साडीवर ओकारी झाली होती आणि ती एका हाताने भिंत धरून होती.

झालं असं होतं. आगरी लग्नात धवले म्हणतात. ती लग्नाची गाणी. धवलारीण नावाची जाणती बाई ती सुरू करते आणि बाकीच्या बायका मागे म्हणतात. वनिताचा आवाज खणखणीत, त्यामुळे तिला पुढे बसवलं होतं. सकाळपासून पाहुण्यांच्या गडबडीत तिने काही खाल्लं नव्हतं, पाणीही प्यायली नव्हती. गाणं मोठं, दम लागणारं. मध्येच तिचे शब्द गेले. बायकांना वाटलं, ओळ विसरली. त्या हसल्या आणि गाणं पुढे म्हणत राहिल्या. मग ती एका बाजूला कलली. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं नजर लागली. तिला सावलीत नेऊन निजवलं. कांदा हुंगवला. सासूने मीठमोहऱ्या ओवाळल्या.

हे सगळं चाललं होतं तेव्हा वनिताच्या आजाराची खूण ओळखणारं त्या घरात एकच माणूस होतं. ते वरच्या खोलीत खिडकीला चादर लावून पडलं होतं. दारात डीजेवाल्याने स्पीकर लावून बघितले होते. त्या आवाजाने रंजनाला सकाळीच मायग्रेनचा अटॅक आला होता. मुलाच्या हळदीला आई अंधारात, आणि बाकीच्यांना त्यात काही नवल वाटलं नव्हतं. तिला त्रास नको म्हणून कोणी वर जाऊन सांगितलंही नाही. बऱ्याच वेळाने एक पाहुणी बॅग ठेवायला वर गेली आणि सहज बोलली की वनिता बोलत नाही.

रंजना भिंत धरत जिना उतरली. तिने वनिताला हात उचलायला सांगितला. उजवा उचलला गेला नाही. मग तिने जे घर डोक्यावर घेतलं तसं आजवर कोणी घेतलं नव्हतं, असं सुनीलनेच मला नंतर सांगितलं.

वेळ निघून गेला होता. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त मिळालं नव्हतं, तो भाग गेला होता. वनिता वाचली. तब्येत स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी ते नस जोडायचं ऑपरेशन करवून घेतलं, निदान उरलेलं तरी टिकावं म्हणून. उजवा पाय ओढत का होईना, ती चालायला लागली. उजवा हात कामातून गेला. बोलणं जवळजवळ गेलं. समोरच्याचं कळतं, पण शब्द बाहेर येत नाही. सगळ्यांवर खेकसणारी, सगळ्यांची टर उडवणारी बाई आता 'हां' आणि 'नको' एवढंच बोलते, आणि कधी कधी 'हां' म्हणायचं असताना 'नको' निघतं. तेव्हा ती स्वतःच्या तोंडावर चापट मारते. मी ते पाहिलंय. पाहवत नाही.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला तिघं आले, दोघी जावा आणि सुनील. मी प्रोब धरला. जोडलेल्या नसेतून रक्त चांगलं जात होतं. मी तसं सांगितलं. कोणाला फारसा आनंद झाला नाही, मलाही नाही. वनिता भिंतीकडे बघत होती.

सुनील उभाच होता. तो वाळला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मॅडम, एक सांगा. एवढं मोठं होतं तर हिला दुखत का नव्हतं? जरा जरी दुखलं असतं ना, मी त्याच दिवशी उचलून आणली असती. आईशपथ."

मी नसांना दुखत नाही वगैरे काहीतरी सांगायला तोंड उघडलं. रंजना वनिताच्या केसांतलं जेल पुसत होती. तिने हात थांबवला नाही. वर बघितलंही नाही.

"मना दुखत व्हतं, भावजी," ती म्हणाली.

सुनील खुर्ची ओढून खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी मशीन बंद केलं. रंजनाने वनिताला खांदा दिला आणि दोघी हळूहळू बाहेर गेल्या.

रंजनाचं डोकं अजून दुखतं. नव्या औषधाने थोडा फरक आहे, म्हणजे महिन्यातले काही दिवस तिला जास्त मिळतात. ते ती वनिताला स्पीच थेरपीला आणण्यात घालवते.

आमच्या लॅबमध्ये त्यानंतर एक बदल झाला. तुलनेला आणलेल्या माणसाचीही आता पेशंटसारखीच पूर्ण चौकशी होते, आणि ती डॉक्टर स्वतः करतात. लोक वैतागतात. "अहो, मला काही झालेलं नाही, मी नुसती सोबत आलेय," म्हणतात. असं म्हणणाऱ्या बाईला मी जरा जास्त वेळ बसवून ठेवते.